दोन नंबर पंपाचं पुस्तक

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. लिहिलं कधी नाही, कुणाला प्रतिक्रियाही दिली नाही. खरं सांगू का, वाचून झालं की मनात म्हणायचो — याला डोळे तपासून घ्यायला हवेत, त्याला चांगली झोप हवी. माझा धंदाच तसा आहे. पंप बंद पडला तर त्याला कारण असतं, आणि पंप उघडला की ते कारण हातात येतं. कारण सापडलं नाही, तर मशीन नीट उघडलेलं नाही... एवढंच मी आयुष्यभर मानत आलो. उतारा, अंगारा, बाहेरचं — आमच्या घरात माझी आईसुद्धा हे मानायची नाही.

जे झालं ते गेल्या उन्हाळ्यात, दिवसाढवळ्या. माझ्याबरोबर माणसं होती. पण ते सांगायचं तर त्याच्या मागचं आधी सांगावं लागेल. ते मी अठरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

मी मूळचा पणदऱ्याचा. बारावीनंतर नेव्हीत गेलो, पंधरा वर्षं इंजिनरूममध्ये काढली आणि परत आलो. आता बारामतीच्या एमआयडीसीत माझी पंपदुरुस्तीची शेड आहे. हणमंत म्हणून पन्नाशीचा टर्नर माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून आहे. लेथवरचं काम तो करतो, बाकीचं मी.

नेव्हीतली शेवटची वर्षं मी एका पुरवठ्याच्या जहाजावर होतो. लढाऊ जहाजांना भर समुद्रात तेल, पाणी, रेशन पोचवणारं जहाज. गावाकडं कुणी विचारलं तर मी 'समुद्रातला टँकर' म्हणून सांगायचो. नाव लिहीत नाही. ते आता मोडीत निघालंय.

जहाजावर प्रत्येक मशीनचं स्वतःचं पुस्तक असतं. कुठला पार्ट कधी बदलला, किती तास चालल्यावर बदलला, कुणी बदलला — सगळं त्यात लिहायचं आणि खाली सही करायची. मशीन जाईल तिकडं त्याचं पुस्तक जातं. माणूस बदलून जातो, पुस्तक राहतं. नवा आलेला माणूस मशीनला हात लावायच्या आधी पुस्तक वाचतो आणि त्यात लिहिलेलं खरं धरून चालतो. दुसरा इलाजच नसतो त्याला.

तेल देण्यासाठी आमच्याकडे दोन मोठे पंप होते, एक नंबर आणि दोन नंबर. प्रत्येकाला एक रिलीफ व्हॉल्व्ह. कुकरची शिट्टी असते ना, तेच काम. पुढं पाइप तुंबला आणि प्रेशर चढलं की आतला प्लंजर उचलला जातो आणि तेल मागं फिरतं. प्लंजर म्हणजे स्टीलचा एक तुकडा, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. तो खड्डे पडून जाम झाला तर शिट्टी होत नाही. मग काय होतं ते घरात कुकर असलेल्या कुणालाही माहीत आहे.

तपासणी आठ दिवसांवर आली होती. दोन्ही पंपांचे प्लंजर बदलायची मुदत उलटलेली. मागणी केली होती दोनची, डेपोतून आला एक. तो मी एक नंबरमध्ये घातला. दोन नंबरचा जुना प्लंजर काढला, घासला, तोच परत बसवला. आणि दोन्ही पुस्तकांत लिहिलं — प्लंजर बदलला. खाली सही. पुढच्या महिन्यात दुसरा येईलच, तेव्हा घालू. असं सगळीकडं चालायचं असं मी म्हणणार नाही. सही माझी होती.

माझी एक सवय तेव्हापासून आहे. बाद ठरवलेल्या पार्टवर मी कानशीनं तीन खाचा पाडतो, म्हणजे तो चुकून नव्यात मिसळत नाही. त्या जुन्या प्लंजरवरही मी आधी तीन खाचा पाडल्या होत्या. बाद म्हणून पाडल्या आणि मग तोच आत घातला.

दोन नंबरवर दिगंबर असायचा. दिगू. चोवीस वर्षांचा, इंदापूर तालुक्यातला, नरसिंहपूरच्या अलीकडं वस्ती. एवढ्या मोठ्या जहाजावर आमच्या बाजूचा तो एकटाच, त्यामुळं चारचौघांत 'सर' आणि एरवी 'संपतदादा'. सुट्टीवरून येताना त्याची आई माझ्यासाठी वेगळ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी द्यायची.

तपासणी होऊन तीन आठवडे झाले होते. दुपारी पावणेदोनची वेळ. एका जहाजाला तेल देत होतो. पलीकडून त्यांनी व्हॉल्व्ह अचानक बंद केला. इकडं प्रेशर चढलं, प्लंजर उचललाच नाही. दिगू उभा होता तिथंच पाइपाचा जोड फुटला. त्याला दवाखान्यापर्यंत नेण्याची वेळच आली नाही.

पुढचं मी लवकर लिहितो. पंप पुन्हा उभा करा असा हुकूम आला. मी एकटा खाली गेलो. एक नंबरमधला नवा प्लंजर काढून दोन नंबरमध्ये घातला, आणि दुसरा प्लंजर येईपर्यंत एक नंबर काहीतरी कारण सांगून बंद ठेवला. जुना खिशात टाकला, वर डेकवर आलो आणि समुद्रात फेकला. चौकशीवाल्यांनी दोन दिवसांनी व्हॉल्व्ह उघडला तेव्हा आत नवाकोरा प्लंजर होता, आणि पुस्तकात लिहिलं होतं 'बदलला'. मला विचारलं, हा तूच बदललास? मी म्हणालो, होय सर. मग प्रेशर चढलंच कसं? त्यांनी निष्कर्ष काढला की ऑपरेटरनं जास्त प्रेशर मिळवायला व्हॉल्व्हचा स्क्रू परस्पर आवळला असणार. स्वतःच्या चुकीनं, घाईनं गेला. पुस्तकाच्या त्या पानाची नक्कल चौकशीच्या कागदांना जोडली, आणि नक्कल बरोबर आहे म्हणून तिच्यावरही माझीच सही घेतली. म्हणजे ते पान मी किती नीट पाहिलं होतं हे लक्षात घ्या.

त्याच्या सामानाची पेटी घेऊन त्याच्या घरी मीच गेलो होतो. त्याच्या वडिलांनी, आबांनी, मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "कसं झालं रं?"

मी म्हणालो, "घाई झाली आबा, त्याच्याकडनं."

त्याची आई आतून म्हणाली, "माजं पोरगं घाईचं न्हाय."

त्यानंतर त्या घरी मी गेलो नाही.

आता गेल्या उन्हाळ्यातलं. इंदापूरजवळ पशुखाद्याचा एक छोटा कारखाना आहे. पेंडीत उसाची मळी मिसळतात तिथं. मळी घट्ट असते, साधा पंप ती ओढत नाही. कारखान्याचे मालक, सगळे त्यांना नाना म्हणतात, त्यांनी मुंबईच्या भंगार बाजारातून एक जुना पंप उचलला आणि टेम्पोतून माझ्या शेडवर आणून उतरवला.

"जहाजाचा माल हाय," नाना म्हणाले. "तुमच्याच खात्यातला. म्हणलं, फौजी हायत तर दुसरीकडं कशाला जायाचं?"

"बघतो," मी म्हणालो.

"बघता काय, सोयरीक हाय तुमची. जोडीला त्येची कुंडली बी आलीय," असं म्हणून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पुस्तक माझ्या हातात दिलं.

पंपाची पाटी पुसायच्या आधीच मला कळलं होतं. खालच्या पायावर वेल्डिंगचा एक वेडावाकडा टाका होता, तो मीच मारलेला. तरी पाटी पुसली. दोन नंबर.

योगायोग असू शकतो. जहाज मोडीत निघालं की पंप बाजारात येणार, आणि घट्ट मळी ओढायला असलाच पंप लागतो. इथपर्यंत मला काही वाटलं नाही... म्हणजे वाटलं, पण ते भीतीचं नव्हतं. नाना गेल्यावर मी ते पुस्तक उघडलं. पान शोधावं लागलं नाही.

माझंच अक्षर. माझी तीच सही, त्याच दिवसाची. आणि लिहिलेलं होतं इंग्रजीत, त्याचा अर्थ असा — प्लंजर बदललेला नाही. जुना खाचा पाडलेला प्लंजरच परत बसवला आहे.

खाडाखोड नव्हती. मागाहून घुसवलेला शब्द नव्हता. सबंध ओळच वेगळी होती, वरच्या-खालच्या ओळींच्याच शाईत. खाचांबद्दल तर जहाजावर मी कुणाला बोललोही नव्हतो.

मी हणमंतला हाक मारली. तो लेथ बंद करून आला, हात पुसले, चष्मा लावला. इंग्रजी तो बोटानं वाचतो.

"काय लिहिलंय रे इथं?"

त्यानं ओळ सावकाश वाचली. "बदललेला न्हाय, जुनाच बशिवला आसं हाय की. आन् सही तुमची." मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "चांगलंय की. बदलला न्हाय तर न्हाय म्हनून लिवनारा मानूस आजकाल कुटं गावतो?"

तो परत लेथवर गेला. मी ते पान फाडलं, शेडच्या मागं गेलो आणि काडी लावली. राख चपलेनं मातीत घासली. म्हणजे बघा, पुरावा मी आयुष्यात दोनदा नाहीसा केला. ते पान पुन्हा पुस्तकात आलं का, असं कुणी विचारेल. नाही आलं. त्या पुस्तकात आज फाटलेली कड आहे, बाकी काही नाही. त्यामुळं या भागाला साक्षीदार एकटा हणमंत आहे, तुम्ही हवं तर एवढं सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी आम्ही रिलीफ व्हॉल्व्ह उघडायला घेतला. पंप कित्येक वर्षं कोरडा पडलेला. टोपण गंजानं धरलं होतं, दोघांनी पान्याला लोंबकळून सैल केलं. ते निघालं तशी आतून पाण्याची धार आली. चहाचा अर्धा कप भरेल इतकी. हा तेलाचा पंप. त्यात तेलाचा गाळ निघेल, राळ निघेल... पाणी कुठून आलं? हणमंतनं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. जुने मिस्त्री असं करतात.

"खारं हाय," तो म्हणाला. "आपल्या बोरचं बी खारंच, पर येवडं न्हाय."

मग त्यानं चिमट्यानं प्लंजर ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. ओला, गार. शेडमध्ये पत्रा तापून उभं राहवत नव्हतं आणि तो गार होता. बाजूला खड्डे पडलेले. डोक्यावर कानशीच्या तीन खाचा. मधली थोडी तिरपी, कारण ती पाडताना जहाज हललं होतं.

"ही तर तुमचीच खूण," हणमंत म्हणाला. आमच्या शेडमधला बाद माल त्यानं रोज बघितलेला.

"नेव्हीत सगळेच अशी करतात," मी म्हणालो.

त्यानं चिमटा टेबलावर ठेवला. प्लंजरला पुन्हा हात लावला नाही.

मी मनाला समजावलं. फेकला तो दुसराच काहीतरी असेल. गडबडीत खिशातून भलतंच निघालं असेल. माणूस स्वतःला काय काय समजावू शकतो याचा मला दांडगा अनुभव आहे. हणमंतनं नवा प्लंजर लेथवर काढला, मी मापं तपासली, दोघांनी मिळून बसवला. टोपण मी स्वतः आवळलं, त्याला तार घालून शिक्का मारला. जुना प्लंजर टेबलाच्या खणात टाकून कुलूप लावलं. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात.

चार दिवसांनी मी आणि हणमंतनं पंप इंदापूरला नेऊन बसवला. तिथं पंपावर सुनंदाताई असतात. पंचेचाळीसच्या असतील, दोन्ही मुलं पुण्यात शिकतात. मालक सोडून कारखान्यात सगळे त्यांना घाबरतात.

"काय हो दादा," त्या म्हणाल्या, "ह्यो तुमचा जहाजातला पाव्हणा मळी ओढंल न्हवं? का समुद्रच मागंल?"

"ओढेल," मी म्हणालो. "तुम्ही जरा मागं सरका."

"मी मागं सरले तर स्टार्टर कोन दाबनार?"

त्या पाइपाच्या जोडाला लागून उभ्या होत्या. दिगू उभा असायचा त्याच बाजूला. पॅनलची जागा नानांनी ठरवलेली, माझं त्यात काही नाही. पण मी बघत राहिलो. त्यांनी स्टार्टर दाबला. पंप सुरू झाला, मळी टाकीत पडायला लागली, नानांनी टाळी वाजवली. मग मी चाचणीसाठी पुढचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करायला घेतला. प्रेशरचा काटा सहावर आला की रिलीफ व्हॉल्व्हनं उघडायला हवं. काटा सहावर आला. साडेसहा. सात. पंपाचा आवाज जाड व्हायला लागला. तो आवाज मी याआधी एकदाच ऐकला होता. पुढचा व्हॉल्व्ह परत उघडावा तर चाक हातात फिरेना, अडकलेलं. आठ. जोडाच्या कडेनं मळीची केसाएवढी धार सुनंदाताईंच्या पदरावर उडाली.

"अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या. तिथंच उभ्या, पदराकडं बघत.

मी त्यांना ढकललं. खरोखर ढकललं, त्या पोत्यांवर जाऊन पडल्या. स्टॉपचं बटण मी मारलं की हणमंतनं ते आजही आम्हाला सांगता येत नाही. पंप थांबला. काटा खाली आला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले होते. हे मी रचून सांगत नाही, नानाच म्हणाले, "पावनेदोन झालं, आधी जेवा, मग बगा."

शिक्का शाबूत होता. तार शाबूत होती. नाना आणि हणमंतच्या समोर मी तार कापली, टोपण काढलं. पुन्हा तेच पाणी. आत तो खाचा पाडलेला प्लंजर.

नाना म्हणाले, "म्हंजी जुनाच बशिवला व्हय तुमी?" त्यांचं बरोबरच होतं. दिसत तेच होतं.

हणमंत मध्ये बोलला, "नवा बशिवला हुता नाना. म्या माज्या हातानं केला हुता." त्याच्या आवाजात राग होता, आणि तो नानांवरचा नव्हता.

बारामतीला परतताना तो टेम्पोत मागं हौद्यात जाऊन बसला. शेडवर आलो, मी गळ्यातली किल्ली काढून खण उघडला. आत हणमंतनं केलेला नवा प्लंजर होता. लेथची चकाकी जशीच्या तशी. जागा बदलल्या होत्या दोघांनी... एकाच्या जागी दुसरा. हे असं करणारा माणूस मी एकच ओळखतो.

हणमंतनं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसला. "साहेब, हे काय हाय ते मला ठावं न्हाय. तुमाला हाय. आज ती बाई गेली आसती. तुमी सांगा, न्हायतर मी उद्यापास्नं येत न्हाय."

मी सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मला सांगून काय उपेग? ज्येला सांगायचं त्येला सांगा. जित्ता हाय का त्यो बाप?"

मला माहीत नव्हतं. हेही लिहून ठेवतो — मला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. बारामतीहून इंदापूर, तिथून बावड्याच्या रस्त्यानं. जुना प्लंजर फडक्यात बांधून खिशात होता. वस्तीवर पोचलो तेव्हा आबा गोठ्यासमोर बाजेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे. मला वाटलं, ओळखणार नाहीत.

"संपत न्हवं का तू?" ते म्हणाले. "वाळलास की. बस."

मी बाजेवर बसलो नाही, खाली बसलो. पुस्तकात काय लिहिलं, काय केलं नव्हतं, दिगू गेल्यावर मी खाली जाऊन काय बदललं, समुद्रात काय फेकलं, चौकशीत काय बोललो आणि त्याच अंगणात आबांना काय बोललो — सगळं क्रमानं सांगितलं. शेडवर आणि कारखान्यात जे झालं तेही सांगितलं. प्लंजर फडक्यातून काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचलला, नखानं एकेक खाच चाचपली.

"म्हंजी त्येनं सक्रू आवळला न्हवता."

"नाही आबा."

"घाई न्हवती केली."

"नाही."

त्यांनी प्लंजर मुठीत धरला. मग म्हणाले, "ती धा वर्सामागं गेली. शेवटपत्तोर म्हनत हुती, माजं पोरगं घाईचं न्हाय. आन् मी तिला म्हनायचो, गप ए, लोक हासत्याल. त्येच्याबरुबरचा मानूस सवता सांगून गेलाय." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "आता तिला कोन सांगनार?"

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आबा, हा प्लंजर नरसिंहपूरच्या संगमात सोडून येऊ का?"

"पान्यात न्हाय टाकायचा," ते म्हणाले. "येकदा टाकला हुतास की." आणि तो त्यांनी बंडीच्या खिशात ठेवून दिला.

मी उठलो. खरं सांगतो, मला हलकं वाटायला लागलं होतं. सांगून झालं, असं वाटलं होतं. फाटकापर्यंत गेलो असेन, तेवढ्यात आबांनी मागून विचारलं, "संपत, त्येनं तुला काय सांगितलं हुतं?"

मी वळलो. "कुणी?"

"दिगूनं. त्यो येतो हितं. दुपारच्याला, मी ह्या बाजंवर लवंडलो की. रोज न्हाय, आठपंधरा दिसांनी. दिसत न्हाय. उशाला उभा ऱ्हातो आन् येकच म्हनतो — आबा, मी सांगितलं हुतं. तेवडंच. त्यो गेल्यापास्नं चाललंय. मला वाटायचं, घरी काय सांगून गेला आसंल आन् मी इसरलो. लई डोकं खाजवलं. त्येच्या आयला बी इचारलं." ते बाजेवरून उठून उभे राहिले होते, काठी न घेता. "तुला काय सांगितलं हुतं का त्येनं?"

हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. हणमंतलाही नाही. हे माहीत असलेला दुसरा माणूस अठरा वर्षांपूर्वी गेला.

त्या दिवशी तेल द्यायला सुरुवात करायच्या तासभर आधी दिगू माझ्याकडं आला होता. म्हणाला, "संपतदादा, दोन नंबरचा आवाज बरोबर नाही. काटा चढतो आणि उतरायला वेळ घेतो. प्लंजर अडकतोय असं वाटतं. एकदा उघडून बघू." उघडला असता तर आत खाचा पाडलेला प्लंजर दिसला असता, वर पुस्तकात माझी सही. मी त्याला म्हणालो, "पुस्तकात काय लिहिलंय? वाचता येतं ना? मग चालव."

तो म्हणाला, "बरं दादा." आणि जाऊन पंपाशी उभा राहिला.

आबांना मी हे एकही शब्द न गाळता सांगितलं. ते ऐकत असताना काठीसाठी त्यांचा हात मागं चाचपडत होता. मी काठी उचलून द्यायला पुढं झालो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मग हळूच बसले. "सांगितलं हुतं म्हंजी. व्यवस्थित सांगितलं हुतं त्येनं." दोनतीनदा तेच म्हणाले. माझ्याशी नाही. मग सुनेला, दिगूच्या भावाच्या बायकोला, हाक मारून म्हणाले, "ह्येला पानी दे आन् वाटंला लाव."

त्याच आठवड्यात मी सगळं लिहून, सही करून नेव्हीच्या कार्यालयाला पाठवलं. उत्तर अजून नाही. जे व्हायचं ते होईल. हणमंतनं केलेला नवा प्लंजर आम्ही पुन्हा बसवला. कारखान्यात पंप तेव्हापासून चालू आहे, सहावर बरोबर उघडतो. दर महिन्याला जाऊन मी उघडून बघतो, आत नवाच असतो, कोरडा. सुनंदाताई मला अजून 'ढकल्या दादा' म्हणतात.

ती ओळ कशी बदलली, समुद्राच्या तळाची वस्तू शिक्का मारलेल्या व्हॉल्व्हमध्ये कशी आली, दिगू माझ्याशी काय बोलला होता हे त्या म्हाताऱ्याला अर्धं का होईना कसं कळलं... मी सगळ्या बाजूंनी उघडून बघितलंय. कारण हातात येत नाही.

दिवाळीच्या सुमारास आबांचा फोन आला. सुनेनं लावून दिला असावा.

"संपत, तू येऊन गेल्यापास्नं त्यो आला न्हाय रं," ते म्हणाले. "येकदा बी न्हाय. मी दुपारचा जागा ऱ्हातो, झोपून बी बगितलं. आटरा वर्सं यायचा... आता करमत न्हाय." मग विचारलं, "तुज्याकडं येतो का?"

मी म्हणालो, "नाही आबा."

हे खरं आहे. जेवणाच्या सुट्टीत हणमंत बाहेर जातो, शेडमधली मशीनं बंद असतात, आणि मी स्टुलावर बसून असतो. पावणेदोन वाजतात, दोन वाजतात. कुणी येत नाही.